आज्जीच्या डब्यातले राणीछाप रुपये: टकल्या राजाला मुकुट का नाही आणि शेवटचे दोघं एकाच बाजूला का बघायलेत?

हुरडापार्टी

मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटंल पण विचारतोच. आमच्याकडं लक्ष्मीपूजनाला आज्जी एका पितळी डब्यातनं पाच चांदीचे रुपये काढून पाटावर मांडती. राणीछाप म्हणती ती सगळ्यांनाच, पण यंदा मी मोबाईलची बॅटरी मारून जवळनं बघितलं तर राणी एकाच नाण्यावर हाय, बाकीच्या चारवर बाप्येच! म्हणजे एवढी वर्षं आम्ही लक्ष्मी म्हणून कुणाला हळदकुंकू वाहत होतो कुणास ठाऊक.

आज्जीनं त्यांना नावं पण ठेवलीत. राणी ती राणी (व्हिक्टोरिया एम्प्रेस, १८८५). मग टकला, म्हणजे एडवर्ड सातवा, १९०७, दाढी झकास पण डोकं उघडं. मग दोन नाणी दाढीवाल्याची, जॉर्ज पाचवा, एक १९१९ चं आणि एकाचं साल पार झिजलंय. शेवटचा बिनदाढीचा, जॉर्ज सहावा, १९४०.

आता माझे प्रश्न. टकल्याला मुकुट का नाही, बाकी सगळ्यांना हाय? आणि दुसरं म्हणजे राणी डावीकडं बघती, टकला उजवीकडं, दाढीवाला परत डावीकडं, म्हणजे आलटून पालटून हाय असं वाटलं, तर बिनदाढीचा पण डावीकडंच! चुकून झालं का मुद्दाम? आणि ही माणसं होती कशी, कुणाला काय किस्से माहीत असतील तर सांगा की. शाळेत आपल्याला नुसते व्हाईसरॉय पाठ करायला लावले, ज्यांच्या नावानं ते आले त्यांचं काहीच सांगितलं नाही.

शेंगाचटणी_एक्स्ट्रा_तिखट

टकल्याला मुकुट बसत नसंल बे, घसरत असंल 😂

पाच रुपये विकणार का सांग, गाडीच्या हप्त्याला कमी पडायलेत.

नाणेवेडा_बाळीवेस

भावा एकदम योग्य जागी आलास. मी पंधरा वर्षं हेच करायलोय, बायको घरातनं हाकलायची बाकी हाय.

आधी टकल्याचं. एडवर्ड सातव्याची नाणी इकडंही आणि तिकडं इंग्लंडातही बिनमुकुटाचीच हायेत, घसरण्याचा काही संबंध नाही. पण माणूस भारी नमुना होता. आई व्हिक्टोरिया ६३ वर्षं गादीवर बसली त्यामुळं ह्याचं सगळं आयुष्य वाट बघण्यात गेलं, राजा झाला तेव्हा वय ५९. तोवर काय केलं तर खाल्लं, शिकार केली, पत्ते खेळला आणि बायकांच्या भानगडी केल्या. पोट एवढं सुटलेलं की मागनं लोक 'टमटम' म्हणायचे. नॉरफोकमध्ये सँड्रिंगहॅम म्हणून त्याचा वाडा होता, तिथं पाहुणे आले की त्यांना तराजूवर बसवून वजन करायचा आणि वहीत लिहून ठेवायचा, म्हणजे जेवण कसं झालं हे विचारायलाच नको. आणि त्याच वाड्यातली सगळी घड्याळं अर्धा तास पुढं! का, तर हिवाळ्यात लवकर अंधार पडतो, शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून. त्याच्या पोरानं, म्हणजे तुझ्या दाढीवाल्यानंही ते तसंच चालू ठेवलं. १९३६ साली जॉर्ज पाचवा वारला आणि नव्या राजानं आल्या आल्या पहिला हुकूम काय सोडला असंल तर घड्याळं सरळ करा म्हणून.

तो नवा राजा म्हणजे एडवर्ड आठवा, आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोच हाय. तुझ्या डब्यात तो नाही, आणि कुणाच्याच डब्यात नसणार, कारण ब्रिटिश हिंदुस्थानचा त्याच्या तोंडाचा रुपया निघालाच नाही. फक्त ३२६ दिवस राज्य केलं आणि दोनदा घटस्फोट झालेल्या अमेरिकन बाईशी लग्न करायचं म्हणून गादी सोडली, डिसेंबर १९३६. आता तोंडाची गोष्ट ऐक. दुसऱ्या चार्ल्सपासनं रीत पडलेली, एक राजा डावीकडं बघणार तर पुढचा उजवीकडं. त्या हिशोबानं आठव्या एडवर्डनं उजवीकडं बघायला पाहिजे होतं. पण हा पठ्ठ्या अडून बसला, म्हणाला माझा भांग डाव्या बाजूला हाय, माझी डावी बाजूच चांगली दिसती, डावीकडंच तोंड पाहिजे. टाकसाळवाले डोक्याला हात लावून बसले पण राजापुढं कोण बोलणार, नमुने तसेच केले. मग गादी सोडल्यामुळं ती नाणी बाजारात आलीच नाहीत. त्याच्यानंतर धाकटा भाऊ आला, जॉर्ज सहावा. त्यावेळी ठरलं की आठवा एडवर्ड रीतीप्रमाणं उजवीकडं बघत होता असं धरून चालायचं, म्हणून हा परत डावीकडं. म्हणजे तुझ्या डब्यात त्या दोघांच्या मधी एक राजा गायब हाय, आणि तो भांगापायी भांडून गायब हाय 😄

कच्छ संस्थाननं मात्र १९३६ ला आठव्या एडवर्डच्या नावाची नाणी पाडली, नुसतं नाव, तोंड नाही. मिळाली तर मला आधी कळव.

आता खरं काम. ते साल झिजलेलं दाढीवाल्याचं नाणं हाय ना, ते १९११ चं हाय का बघ!! १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या झग्यावर हत्ती काढलेला, तो सोंडेनं आणि पायानं एवढा आखूड झाला की लोकांना डुक्कर दिसलं. मुसलमान समाजात बोंबाबोंब झाली, सरकारनं नाणी परत घेतली आणि १९१२ पासनं हत्ती नीट काढला. नाणेवाले त्याला डुक्कर रुपयाच म्हणतात, भाव वेगळाच हाय. फोटो टाक.

निवृत्त_मास्तर

विषय चांगला काढलास बाळ. नाणेवेड्यांनी राजांची मजा सांगितली, मी फक्त सोलापुरात उभं राहून त्यांच्याकडे बघतो.

तुझ्या डब्यात नाही असा एक राजा आधी सांगतो, तिसरा जॉर्ज. आपला भुईकोट किल्ला पेशव्यांच्या हातून गेला तो मे १८१८ मध्ये, इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने घेतला. आपण म्हणतो इंग्रजांच्या राजाने घेतला. तो राजा त्या वेळी काय करत होता? विंडसरच्या वाड्यात एका बाजूच्या खोल्यांत बंद. पूर्ण आंधळा, कान गेलेले, डोक्याचा तोल १८११ पासून कायमचा गेलेला, म्हणून थोरला मुलगा कारभार बघत होता. पांढरी दाढी वाढलेली, हार्प्सिकॉर्ड नावाचं पेटीसारखं वाद्य वाजवत बसायचा, जे त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची बायको शार्लट वारली. सत्तावन्न वर्षांचा संसार, पंधरा मुलं. तेही त्याला कळलं नाही. सोलापूर नावाचं गाव आपल्या राज्यात आलं हे त्याला कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

मुळात तो वाईट माणूस नव्हता. शेतीची आवड, लोक त्याला 'शेतकरी जॉर्ज' म्हणायचे, बायकोशी एकनिष्ठ, जे त्या घराण्यात दुर्मिळच. मुलगा मात्र अगदी उलटा, चौथा जॉर्ज. कर्ज फेडायला बाप पैसे देईना म्हणून आतेबहिणीशी, कॅरोलाइनशी लग्नाला तयार झाला, आणि तिला पहिल्यांदा बघितल्यावर तिला घेऊन आलेल्या राजदूताला म्हणाला, मला बरं वाटत नाही, ब्रँडी आण. पुढे १८२१ मध्ये स्वतःच्या राज्याभिषेकाला तिला दारातूनच परत पाठवली.

व्हिक्टोरियाच्या त्या 'एम्प्रेस' शब्दाचंही सांगतो. १८७६ च्या कायद्याने तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब मिळाला, १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हाईसरॉय लिटनने मोठा दरबार भरवून तो जाहीर केला आणि १८७७ पासून रुपयावर क्वीनच्या जागी एम्प्रेस आलं. दिल्लीत मेजवान्या चालू होत्या तेव्हा आपल्या दख्खनेत दुष्काळ पडलेला, सोलापूर जिल्हा त्यात होता, माणसं खडी फोडायला जात होती. त्या किताबाच्या बाईने हिंदुस्थानात कधी पाय ठेवला नाही.

आणि तुझा दाढीवाला. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तो त्याच्याच राज्यात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली तीही याच्याच राज्यात. चार पुतळ्यांवरून जाताना तुझ्या डब्यातला दाढीवाला आठवेल आता.

कडकभाकरी_००७

मास्तर बरोबर बोलले. कशाला त्या गोऱ्यांचं कौतुक चालवलंय? वितळवून टाका नाणी, देवाला निरांजन करा.

नाणेवेडा_बाळीवेस

@कडकभाकरी_००७ वितळवायचं नाव काढू नको बे, इथं छातीत कळ आली. कौतुक कोण करायलंय, टवाळी करायलोय आम्ही. आणि १९४० च्या रुपयात चांदी निम्मीच हाय, आधीच्यात ९१.७ टक्के. निरांजन पण हलकंच होईल तुझं.

एमपीएससी_पाचवा_अटेम्प्ट

मास्तर, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी अभ्यास सोडून इथे टाईमपास करतेय, पण हा अभ्यासच आहे असं समजूया.

व्हिक्टोरियाचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं माहितीये, ती जेवायची भराभर, आणि तिचं संपलं की सगळ्यांच्याच प्लेटा उचलायचे. टेबलाच्या टोकाला बसलेल्याला वाढलेलं पोचायच्या आधीच नोकर प्लेट घेऊन जायचे. आपल्याकडे पंगतीत असं कुणी केलं असतं तर भांडण झालं असतं, जावई तर उठूनच गेला असता.

१८ वर्षांची होऊन राणी झाली त्या दिवशीपर्यंत ती आईच्याच खोलीत झोपायची, राणी झाल्या झाल्या पहिलं काम काय केलं तर आपला पलंग आईच्या खोलीतून बाहेर काढायला लावला. मला हे फार कळतं, मी अजून आईच्या खोलीतच अभ्यास करते. आणि नवरा अल्बर्ट १८६१ ला गेल्यावर मरेपर्यंत ४० वर्षं काळेच कपडे, आणि त्याच्या खोलीत रोज त्याच्या दाढीचं गरम पाणी ठेवायला लावायची. इकडे आपल्या लोकांना वाटायचं महाराणी म्हणजे काय थाट असेल, तिकडे ती आपली एक विधवा बाई, रोज डायरी लिहिणारी.

आणि हो, मुन्शी! १८८७ ला तिच्या राज्यारोहणाची ५० वर्षं झाली तेव्हा आग्र्याहून अब्दुल करीम नावाचा २४ वर्षांचा मुलगा तिथे आला, टेबलाशी वाढायच्या कामाला. थोड्याच दिवसांत तो तिचा उर्दूचा मास्तर झाला. म्हातारपणी बाई उर्दू लिहायला शिकली, त्याच्या तेरा वह्या आहेत. स्वयंपाकघरात आपल्याकडची आमटी भात कोंबडीचा रस्सा सुरू झालं. दरबारातले सगळे गोरे जळून खाक, एक काळा माणूस राणीच्या एवढा जवळ कसा. १९०१ ला ती गेली आणि हुरडापार्टीचा टकला गादीवर बसला, त्याने लगेच मुन्शीच्या घरावर माणसं पाठवून राणीची पत्रं जाळायला लावली आणि त्याला आग्र्याला परत धाडलं. म्हणजे तो टकला दिसतो तेवढा गमत्या नव्हता.

आपल्याशी सगळ्यात जास्त संबंध असलेला राजा कोण म्हणाल तर माझं मत दुसऱ्या चार्ल्सला. पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरलं १६६१ ला, हुंड्यात मुंबई! आणि या बाबाला मुंबईचं काय करावं कळेना, १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड भाड्याने. आज दहा पौंडात दादरला दोघांचं जेवण होत नाही. त्याच कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन १६७४ ला रायगडावर महाराजांच्या राज्याभिषेकाला नजराणा घेऊन उभा होता, तेव्हा तिकडे गादीवर हाच चार्ल्स. कुत्र्यांचा भयंकर नाद, दरबारात सगळीकडे छोटे स्पॅनियल फिरायचे. अनौरस मुलं बाराच्या वर मान्य केली आणि औरस एकही नाही, त्यामुळे गादी भावाला गेली.

शेंगाचटणी_एक्स्ट्रा_तिखट

हुंड्यात मुंबई मिळाली आणि भाड्यानं दिली. आमच्या सासऱ्यानं सायकल दिली ती पण सेकंडहँड.

ते इंग्लंडच्या एका राजाला इंग्रजीच येत नव्हतं म्हणे, खरं हाय का?

थेम्सकाठचा_सोलापूरकर

नमस्कार, मी विजापूर रोडचा, सध्या नोकरीनिमित्त लंडनला. इकडे पाऊस पडतोय आणि घरून आलेली शेंगाचटणी संपत आलीय त्यामुळे हा धागा वाचून डोळ्यात पाणी.

पहिल्या जॉर्जबद्दल म्हणताय. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. राणी ॲन वारली १७१४ ला, तिची गर्भारपणं सतरा, पण एकही मूल जगलं नाही, सगळ्यात मोठा झालेला मुलगा ११ व्या वर्षी गेला. कायदा असा की कॅथलिक माणूस गादीवर चालणार नाही, म्हणून नात्याने जवळचे पन्नासाहून जास्त लोक सोडून याला बोलावलं. इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही, सुरुवातीला फार कच्चं होतं, मंत्र्यांशी फ्रेंचमध्ये बोलायचा. पण त्याची खरी काळी बाजू म्हणजे बायको. तिचं प्रकरण उघडकीला आलं म्हणून तिला आल्डेनच्या वाड्यात तीस वर्षं कोंडून ठेवली, मुलांना भेटू दिलं नाही, ती तिथेच मेली. स्वतः मात्र सोबत बाई घेऊन लंडनला आला. त्याचा मुलगा दुसरा जॉर्ज सकाळी चॉकलेट पिऊन संडासात गेला आणि तिथेच मेला, १७६०. आणि मग त्याचा नातू म्हणजे मास्तरांचा तिसरा जॉर्ज. त्याच्याबद्दल एक गोष्ट फिरते की त्याने ओकच्या झाडाला प्रशियाचा राजा समजून हात मिळवला, ती सोडून द्या, चिडलेल्या नोकराने पसरवलेली आहे.

मध्यंतरी इथला टॉवर ऑफ लंडन हा जुना किल्ला बघायला गेलो होतो, जिथे कोहिनूर ठेवलाय (तो बघून माझ्या बायकोने तिथेच मोठ्याने मराठीत जे काय म्हटलं ते इथे लिहीत नाही). तिथे पूर्वी राजाचा प्राणीसंग्रह होता. तिसऱ्या हेन्रीला १२५२ मध्ये नॉर्वेहून पांढरं अस्वल आलं, त्याला लांब दोरी बांधून थेम्समध्ये मासे पकडायला सोडायचे. १२५५ मध्ये फ्रान्सच्या राजाने हत्ती पाठवला. लंडनच्या लोकांनी हत्ती कधी बघितलेलाच नाही, बघायला झुंबड. घर बांधून दिलं त्याला, पण दोन वर्षांत मेला. मला वाटलं, आपल्याकडच्या एखाद्या माहुताला विचारलं असतं तर जगला असता.

त्यामुळे साडेसहाशे वर्षांनी त्यांच्या माणसाने हत्ती काढला आणि तो डुक्कर झाला याचं मला नवल वाटत नाही 😂

निवृत्त_मास्तर

@थेम्सकाठचा_सोलापूरकर उत्तम. हुरडापार्टीच्या दाढीवाल्याचं एवढं राहिलं. १९११ च्या दिल्ली दरबाराला तो स्वतः आला होता. लंडनचा मुकुट देशाबाहेर नेता येत नाही म्हणून त्यांनी खास नवा बनवला, सहा हजारांवर हिरे. साडेतीन तास तो डोक्यावर ठेवून हा बसला आणि रात्री डायरीत लिहिलं की डोकं दुखलं, फार जड आहे. त्याआधी दिल्लीत मिरवणुकीने आला तो घोड्यावर, हेल्मेट घालून. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं राजा मागून हत्तीवरून येणार, आणि राजा पुढून निघूनही गेला. स्वभावाने तो हौशी जमातीतला नव्हताच. खरी हौस टपाल तिकिटांची. १९०४ मध्ये, युवराज असताना, मॉरिशसच्या एका तिकिटाला १,४५० पौंड दिले. मरणही त्याचं वेळापत्रकात बसवलेलं. २० जानेवारी १९३६ च्या रात्री डॉक्टरने मॉर्फिन आणि कोकेन टोचलं, बातमी संध्याकाळच्या हलक्या पेपरात न येता सकाळच्या मातब्बर पेपरात यावी हाही त्यात विचार. डॉक्टरच्या टिपणातून हे पन्नास वर्षांनी बाहेर आलं.

हुरडापार्टी

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आज्जीला सगळं वाचून दाखवलं, मास्तरांचा तो आंधळा राजा ऐकून म्हणाली "बायको मेली ते पण कळलं नाही व्हय त्याला, अरारा." मुन्शीचं ऐकून टकल्यावर मात्र भडकलीय, त्याला पाटावर शेवटी ठेवायचा असं ठरवलंय.

@नाणेवेडा_बाळीवेस फोटो काढला पण काही दिसंना. झग्यावर हत्तीच्या जागी नुसता एक टेंगूळ राहिलाय. साल बघितलं तर १९१ पर्यंत दिसतंय, पुढचा आकडा १ वाटतोय, ६ पण वाटतोय. आणि कारण पण कळलं. आज्जी दरवर्षी धनत्रयोदशीला सगळी नाणी चिंच आणि राख लावून घासती, काथ्यानं. गेली साठ वर्षं.

नाणेवेडा_बाळीवेस

काथ्यानं????

नाणेवेडा_बाळीवेस

चिंच लावून काथ्यानं. ठीक हाय. मी जरा पाणी पिऊन येतो.

(आज्जीला काही बोलू नको. पण यंदा डबा लपव.)

शेंगाचटणी_एक्स्ट्रा_तिखट

आज्जीला दाखव की, तिला काय दिसतंय विचार. साठ वर्षं तिनंच बघितलंय त्याला.

हुरडापार्टी

विचारलं. चष्मा लावून, उजेडाला धरून नीट बघितलं. म्हणाली हत्ती पण नाही आणि डुक्कर पण नाही, उंदीर हाय, गणपतीचा. आणि नाणं परत डब्यात.